परदेशी जाताना कॅशचे नियम आधी बघा

मा. संपादक,

परदेशी जाणारे लोक व्हिसा, तिकीट सगळं चोख करतात पण सोबतच्या पैशांच्या नियमांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, याचं खरंच वाईट वाटतं. अमेरिकेच्या नियमांनुसार तिथे कितीही पैसे न्यायला बंदी नाही, फक्त १०,००० डॉलरच्या वर असतील तर कस्टम्सला सांगावं लागतं आणि हा आकडा एकत्र प्रवास करणाऱ्या अख्ख्या कुटुंबाचा मिळून धरतात, म्हणजे नवऱ्याच्या खिशात सहा हजार आणि बायकोच्या पर्समध्ये पाच हजार असले तरी फॉर्म भरायचाच, ट्रॅव्हलर्स चेकसुद्धा त्यातच मोजायचे. युरोपियन युनियनमध्ये शिरताना १०,००० युरो झाले की सांगायचं. न सांगता सापडलात तर पैसे जप्त होऊ शकतात, मग कितीही हातापाया पडा. खाण्याच्या वस्तूंचंही तसंच, ऑस्ट्रेलियात उतरताना भरायच्या फॉर्मवर, एखादी वस्तू सांगायची की नाही अशी शंका असेल तर सरळ ‘हो’वर खूण करा.

आणि हो, कार्ड मशीनवर ‘तुमच्या देशाच्या चलनात पैसे द्यायचे का’ असं आलं की नाही म्हणा, तिथल्याच चलनात द्या, नाहीतर बहुतेक वेळा रेट महागच पडतो. ट्रॅव्हल एजंटांनी तिकिटासोबत एवढं एका कागदावर लिहून द्यायला काय हरकत आहे?

– एक वाचक