गळणाऱ्या छताचा रकाना तक्त्यात का नाही?

संपादक महोदय,

सरकारी घरांची देशोदेशी तुलना करणारा तुमचा कालचा लेख दोनदा वाचला. मेहनत दिसते, नाही म्हणत नाही. पण त्या पानभर तक्त्यात कुठे किती घरं, किती टक्के लोक राहतात, भाडं किती हे सगळं आहे आणि ‘व्यवस्थापन’ या रकान्यात फक्त संस्थेचं नाव. व्हिएन्नासमोर ‘वीनर वोनेन’ म्हणजे तिथल्या पालिकेची घरांची संस्था, सिंगापूरसमोर ‘एचडीबी’ म्हणजे तिथलं सरकारी गृहनिर्माण मंडळ, झालं व्यवस्थापन! अहो, नळ गळला तर कोण येतं, किती दिवसात येतं, पैसे कोणाच्या खिशातून जातात, व्यवस्थापन म्हणजे हेच ना?

हे मी चिडून लिहितेय कारण मी स्वतः अशाच सार्वजनिक इमारतीत भाड्याने राहते. चौदा महिने झाले, बाथरूमच्या छतातून पाणी येतंय. आधी नुसता ओलीचा डाग होता, मग पोपडे पडले, मग दिव्याच्या होल्डरमधून थेंब यायला लागले म्हणून तो दिवा आता लावतच नाही. खाली बादली असते, तिच्यात जुना टॉवेल घालून ठेवते, नाहीतर रात्रभर टपटप ऐकू येतं. सहा वेळा तक्रार केली, दरवेळी नवीन नंबर, आणि आधी काय झालं ते दरवेळी पहिल्यापासून सांगायचं. चौथ्या वेळी एक साहेब आले, मोबाइलवर फोटो काढला आणि म्हणाले हे वरच्यांचं आहे, आमच्याकडे येत नाही, तुम्ही पुट्टी भरून रंग मारून घ्या. वरचे काका म्हणतात फरशीच्या खालचं सगळं ऑफिसचं, मी का फोडू? दोघांचंही ऐकून घेतलं आणि संध्याकाळी मेसेज आला, तक्रार निकाली काढण्यात आली आहे. छत तसंच.

आता हीच गोष्ट सिंगापूरला बघा. तिथे बहुतेक सरकारी घरं ९९ वर्षांच्या लीजवर लोकांच्या मालकीची असतात, त्यामुळे भाडेकरूंशी थेट तुलना नको हे मान्य, पण छत गळलं तर काय करायचं हे आधीच ठरलेलं आहे. वरचा आणि खालचा दोघंही जबाबदार, आणि एचडीबीच्या मदत योजनेत अर्धा खर्च एचडीबी देते, उरलेला त्या दोघांत निम्मा-निम्मा. जिने, लिफ्ट, आवार हे टाउन कौन्सिलकडे, त्यासाठी दरमहा वेगळी वर्गणी. कोणाचं काय हे लिहिलेलं असलं की ‘आमच्याकडे येत नाही’ म्हणायला जागाच राहत नाही. तक्त्यात हे एका ओळीत मावलं असतं.

रंग मारून घ्या यावरून इंग्लंडची गोष्ट आठवली, आणि ती वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. रॉचडेलला एका हाउसिंग संस्थेच्या फ्लॅटमध्ये भिंतींना बुरशी होती, वडील तक्रार करत होते, त्यांनाही रंग मारा असंच सांगितलं गेलं. डिसेंबर २०२० मध्ये त्यांचा दोन वर्षांचा मुलगा अवाब गेला, आणि चौकशीत कारण त्या बुरशीचंच निघालं. त्याच्या नावाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला, जिवाला धोका असेल तर २४ तासात काम, ओल-बुरशीचा गंभीर त्रास असेल तर १० कामाच्या दिवसात तपासणी. एक लेकरू गेल्यावर घड्याळ लावलं! तुमच्या लेखात इंग्लंडला दोन ओळी, त्याही १९८० नंतर घरं भाडेकरूंना विकली त्याबद्दलच्या. ते महत्त्वाचं आहेच, पण हे नको होतं का?

नेदरलँड्समध्ये भाडेकरूने लेखी कळवलं आणि सहा आठवड्यात दुरुस्ती झाली नाही की भाडे आयोगाकडे जाता येतं, आणि दोष मोठा असेल तर दुरुस्ती होईपर्यंत भाडं कमी होतं. डेन्मार्कमध्ये तर वसाहतीचं वर्षाचं बजेट भाडेकरूच सभेत मंजूर करतात. मला आमच्या इमारतीच्या दुरुस्तीला किती पैसे ठेवलेत हे आजवर कळलेलं नाही.

व्हिएन्नाचं तुम्ही भरभरून कौतुक केलंय, कार्ल मार्क्स होफ या तिथल्या जुन्या सरकारी वसाहतीचा फोटोसुद्धा छान आहे. पण तिथेसुद्धा इमारतीतच राहणारा रखवालदार असायचा, जो जिना झाडायचा आणि कोणाच्या घरात काय बिघडलंय हे ज्याला माहीत असायचं, त्याच्या नेमणुकीचा कायदा २००० मध्ये गेला, जुने राहिले पण नवे त्या पद्धतीने नेमता येईनात. मला विचाराल तर मोठं नुकसान. तक्रारीच्या अ‍ॅपला छत दिसत नाही.

आणि एका वाक्याला माझा ठाम विरोध आहे. अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या प्रुइट-आयगो या सरकारी वसाहतीबद्दल तुम्ही लिहिलंय की रहिवाशांनी ती वसाहत खराब केली. ३३ इमारती, प्रत्येक ११ मजली, बांधायला सरकारचा पैसा पण देखभाल मात्र भाड्यातून भागवायची असा हिशोब होता. घरं रिकामी पडत गेली, भाडं कमी झालं, दुरुस्ती थांबली, म्हणून आणखी लोक गेले. खर्च वाचवायला लिफ्ट तिथे प्रत्येक मजल्यावर थांबतच नव्हती. १९७२ पासून पाडायला सुरुवात झाली. गरीब माणसाला घर सांभाळता येत नाही हे आम्ही रोज ऐकतो हो, निदान तुमच्या पेपरात तरी नको.

जाता जाता, मागच्या वेळी माझं पत्र तुम्ही छापलंत त्याबद्दल आभार, पण मधला परिच्छेद गाळल्यामुळे मी भाडेवाढीच्या बाजूने आहे असा अर्थ निघाला आणि शेजारणी आठवडाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत. जागा कमी असेल तर यावेळी माझ्या बादलीचं कापा, सिंगापूर आणि इंग्लंडचं मात्र पूर्ण छापा.

आपली,
एक भाडेकरू वाचक