बंब विकायचा नाही

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, आधी कबुली देते. दिवाळीत पहाटे तू परसात बंब पेटवत होतीस, तो व्हिडिओ तुला न विचारता मी टाकला होता. काल काढला. 'किती निवांत आयुष्य', 'आम्हालाही असंच राहायचंय' असं लोकांनी लिहिलं होतं. फुंकणी ठेवून तू कितीतरी वेळ खोकत बसलीस, तेवढा तुकडा मीच कापला होता. लोकांना तो दिसला नाही, मला मात्र रोज दिसायला लागला.

म्हणून गिझर घेतलाय. पैसे भरून झालेत, आता नको म्हणू नका. शनिवारी बेळगावहून माणूस येईल. बाबा, वीजबिल वाढेल, मान्य. पण लाकडं तरी फुकट कुठे येतात? आणि येळ्ळूरच्या पावसात ती नुसती धुमसतात. पंधरा लिटरचा आहे, विसण घातलं की दोघांचं आरामात होतं.

बंब विकायचा नाही. शहरात हल्ली असले बंब दिवाणखान्यात मांडतात, त्यामुळे कुणी भाव करत दारात आलंच तर सरळ नाही म्हणा. तोटीजवळचा पोचा कुणाचा, ते आपल्या तिघांनाच ठाऊक! असल्याच एका व्हिडिओत एक बाई बिनकल्हईच्या तांब्याच्या लोट्यातून ताक पीत होती. आई, तू तिला चांगलीच झाडली असतीस. मी दात घासेपर्यंत तू बंबाच्या राखेत रताळं भाजून ठेवायचीस, साल काढून, फुंकून द्यायचीस. शाळेपर्यंत हाताला त्याचा वास यायचा.

आता ऐका. बाबा, अर्थिंग आहे का ते त्या माणसाकडून तपासून घ्या. तो कन्नडच बोलेल, पण तुमच्यापुढे त्याची काय बिशाद. आंघोळीला बसण्याआधी बटण बंद, ओल्या हाताने तर अजिबात नाही. आई, ओव्याची धुरी पुरे झाली, सोमवारी डॉक्टरांकडे जाऊन छातीचा फोटो काढून घे. तुझा बंब हिरावून घेत नाहीये गं. नरक चतुर्दशीला पेटवूच, लाकडं मी सारीन, तू उटणं लाव.

मी येईन तेव्हा कुंदा आणून ठेवू नका, बाबांचा हात थांबत नाही. रताळी ठेवा. गॅसवर भाजलेली चालतील.

तुमची,
बाळी