बाबांच्या ऑपरेशनची तारीख घेतली आहे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मूत्राशयातली गाठ काढण्यासाठी मी डॉक्टरांकडून पुढच्या आठवड्यातली तारीख घेतली आहे आणि माझी रजाही मंजूर झाली आहे. तुम्हाला न विचारता ठरवले याचे बाबांना वाईट वाटेल, हे मी जाणते. पण ‘बघू पुढे’ म्हणत दिवस घालवावेत असे हे दुखणे नाही, आणि लघवीतून रक्त जाताना दुखत नाही म्हणून ते किरकोळही ठरत नाही.

आई, किडनीच काढून टाकली तर हे आले कुठून, असे तू फोनवर परत परत विचारत होतीस. बाबांचा कर्करोग किडनीच्या मांसल भागात नव्हता. लघवी जिथे प्रथम जमते, त्या पोकळीच्या अस्तरात होता. तसलेच अस्तर मूत्रवाहिनीतून मूत्राशयापर्यंत सलग असते, त्यामुळे किडनी आणि मूत्रवाहिनी दोन्ही काढल्यावरही अशा 100 रुग्णांपैकी साधारण 22 ते 47 जणांच्या मूत्राशयात पुढे गाठ दिसते. तुझ्या पथ्यपाण्यात काही राहून गेले, असे कृपा करून मनात आणू नकोस. हे होऊ शकते म्हणूनच तीन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी सांगितली होती.

या वेळी पोटावर छेद नाही. भूल देऊन लघवीच्या मार्गाने दुर्बीण घालतात आणि गाठ खरवडून काढतात. ती स्नायूच्या थरात शिरली आहे का, हे तुकड्याच्या तपासणीनंतरच कळेल; तोवर मी खोटा दिलासा देणार नाही. वरच्या थरातच असेल, तर मूत्राशय राखून उपचार करता येतात. गरज वाटल्यास क्षयाची लस म्हणून टोचतात तेच बीसीजी आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे, नळीने मूत्राशयात सोडतात.

लघवीसाठी घातलेली नळी, म्हणजे कॅथेटर, असेपर्यंत बाबांची खाट बाथरूमला लागून असलेल्या खोलीत हलवू, रात्री तिथला दिवा चालू ठेवू. जागरण मी करीन, आईने करायचे नाही. बाबा, मला ताप आला की थर्मामीटर दिव्यापाशी तिरका धरून तुम्ही पारा बघायचात आणि वेळेसकट आकडा वहीत लिहायचात. ते काम दुसऱ्या कोणाला द्यायचा नाहीत. किडनीचे काम कसे चालले आहे हे सांगणाऱ्या रक्ततपासणीचे, तुमच्या क्रिएटिनिनचे, आकडे आता मी तसेच लिहून ठेवते, तेव्हा एवढे मला करू द्या.

कंबर कितीही दुखली तरी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन मनाने घ्यायचे नाही, एकाच किडनीवर तो भार नको. रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची, हे डॉक्टर सांगतील; स्वतःहून बंद करू नका. सुटलेली सिगारेट सुटलेलीच राहू द्या. रक्ताच्या गुठळ्या जाऊन लघवी अडली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा आणि निघताना मला फोन करा.

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो आजच पाठवा, भूलतज्ज्ञांना दाखवायचे आहेत.

तुमची,
लेक