आमची जोडणी कोण जोडणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात रस्ता न खोदता पाण्याची लाइन बदलण्याच्या तंत्राचे भरभरून गोडवे गायले आहेत. तंत्राशी माझं भांडण नाही. जुन्या बिडाच्या पाइपातून शंकूसारखं अवजार खेचत न्यायचं, पाइप फुटून तुकडे आजूबाजूच्या मातीत दाबले जातात आणि मागोमाग एचडीपीईचा, म्हणजे टणक प्लास्टिकचा, नवा पाइप आत येतो. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकाच्या अखेरीस गॅसच्या लाइनींसाठी हे सुरू झालं, म्हणजे नवलाईही नाही.

पण लाइनीच्या दोन टोकांना 'फक्त दोन खड्डे' म्हणून लेखकमहाशय मोकळे झाले! अहो, जुना पाइप फुटला की त्यावरची प्रत्येक इमारतीची जोडणीही गेली. ती नव्याने द्यायला इमारतीगणिक वेगळा खड्डा घ्यावाच लागतो. गिरगावात चाळीला चाळ चिकटलेली. मोजा मग खड्डे. शेजारून गेलेल्या केबली आणि गटारं फार जवळ असली तर त्यांना धक्का बसतो, तो वेगळाच.

जोडणीचं मला विचारा. आमच्या गल्लीत लाइन बदलली ती सरळ चर खणून. सगळ्यांना पाणी आलं, आमची चाळ कोरडी. चर बुजवून पेव्हर ब्लॉक बसवून झाल्यावर हे उघडकीला आलं. पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याने हात वर केले. मुकादम म्हणतो, "काका, तुमची बिल्डिंग नकाशातच नाही." मी त्याला हाताला धरून जिन्याखालचा मीटर दाखवला. तर म्हणे, "जुना असेल." तोवर तिसऱ्या मजल्यावरच्या काकू टँकरच्या पाण्याच्या कळशा चढवत होत्या. शेवटी तेच ब्लॉक उखडून जोडणी दिली. आता पावसात त्यावर पाय पडला की खालून चिखलाची पिचकारी थेट लेंग्यावर.

तेव्हा नवं यंत्र जरूर आणा. त्याआधी कोणीतरी दारोदार फिरून जोडण्यांची यादी करा आणि काम चालू असताना तात्पुरतं पाणी कुठून देणार, तेही सांगा. यंत्र काही जिन्याखाली डोकावणार नाही.

जाता जाता, लेखातली आकृती टपाल तिकिटाएवढी आणि शेजारी दागिन्यांची जाहिरात अर्धं पान. खालच्या ओळी मला भिंगातून वाचाव्या लागल्या. पुढच्या वेळी उलट छापलंत तर उपकार होतील.

– एक जुना वाचक, गिरगाव