पुढचे पुस्तक वाचकाला सापडावे कसे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन जवळ आला की वाचनसंस्कृती लोप पावत असल्याची चर्चा आपल्याकडे दरवर्षी होते आणि मोबाइल, दूरचित्रवाणीवरील मालिका व इंग्रजी माध्यमाच्या शाळा यांच्यावर दोष ठेवून आपण सारे मोकळे होतो. मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या देवघेव विभागात मी संध्याकाळच्या वेळी स्वयंसेवक म्हणून बसतो. तेथून दिसणारे चित्र या चर्चेशी पुरते जुळत नाही. वर्गणी भरलेला, वेळ काढून आलेला, वाचायची इच्छा असलेला माणूस खिडकीशी येतो, 'काहीतरी चांगलं द्या हो' म्हणतो आणि ठरलेल्या दहा-पंधरा पुस्तकांपैकी एखादे घेऊन जातो. ती सगळी बाहेर असतील, तर आधी वाचलेलेच पुन्हा नेतो. पुढे काय वाचावे हे कळण्याची सोय आपण त्याच्यासाठी ठेवलेलीच नाही, आणि या एकाच मुद्द्याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ही दहा-पंधरा पुस्तके कोणती, हे कोणत्याही ग्रंथालयाच्या कर्मचाऱ्याला विचारावे. ज्यांना मोठा पुरस्कार मिळाला, ज्यांच्यावर चित्रपट किंवा मालिका निघाली, ज्यांतील उतारा पाठ्यपुस्तकात होता, ती. ती वाईट आहेत असे मुळीच नाही. पण त्यांच्यासाठी वाचक महिनोन्महिने नंबर लावून थांबतो आणि शेजारच्याच कपाटात त्याच्या आवडीचे दुसरे पुस्तक वर्षानुवर्षे कोणी हात न लावता पडून राहते, याला वाचकाचा आळस म्हणता येणार नाही.

दोष बऱ्याच अंशी मांडणीचा आहे. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ज्या ड्युई दशांश पद्धतीचा बहुतेक ग्रंथालये आधार घेतात, ती १८७६ मधली. माहितीपर पुस्तकांच्या बाबतीत ती फार उपकारक आहे, कारण पक्ष्यांची पुस्तके ५९८ या क्रमांकाखाली आणि पाककृतींची ६४१.५ खाली एकत्र येतात आणि एकाच्या शोधात गेलेल्या वाचकाला त्याच विषयावरची आणखी चार पुस्तके आपोआप दिसतात. मराठी कथा-कादंबरी मात्र सगळीच्या सगळी ८९१.४६३ या एका आकड्याखाली कोंबली जाते. रहस्यकथा, भयकथा, विज्ञानकथा, ऐतिहासिक कादंबरी, ग्रामीण कादंबरी, महानगरी जीवनावरची कादंबरी, सगळ्यांना एकच घर. लहान ग्रंथालयांत तर तेवढेही वर्गीकरण नसते. तेथे कादंबरी, कथा, नाटक, चरित्र अशी मोजकी कपाटे असतात आणि जे कशातच बसत नाही ते 'संकीर्ण' या कपाटात जाते. माझा अनुभव असा की अर्थकारण, आरोग्य, शहरांचा इतिहास, समुद्र, खेळ, लोककला यांवरची सर्वांत चविष्ट पुस्तके याच कपाटात सापडतात, आणि याच कपाटापर्यंत वाचक कधी पोहोचत नाही.

मांडणीखालोखाल बांधणीने घात केला आहे. नवे पुस्तक टिकावे म्हणून त्याचे वेष्टन काढून टाकले जाते, त्याला तपकिरी किंवा काळ्या रेक्झिनची बांधणी होते आणि कण्यावर पांढऱ्या रंगात दाखल क्रमांक घातला जातो. वेष्टनाबरोबर मुखपृष्ठ जाते, मलपृष्ठावरचा परिचय जातो, लेखकाची आणखी कोणती पुस्तके आहेत ती यादीही जाते. उरतो तो एक आकडा. लेखकाचे नाव ज्याने कधी ऐकलेले नाही, त्याने ते पुस्तक कशाच्या आधारावर उचलावे? मलपृष्ठावरचा मजकूर कापून आतल्या कोऱ्या पानावर चिकटवायला कात्री आणि डिंक पुरतो. आमच्याकडे आता तसे करतात, आणि पुस्तक हातात घेतलेला वाचक सर्वांत आधी तेच पान उघडतो.

जुन्या सभासदांनी यावर आपापल्या परीने तोड काढली होती. पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या तारीखपट्टीवर शिक्के दाट दिसले की पुस्तक लोकांना आवडले असे ते धरून चालत, आणि आपण वाचून झाल्याची खूण म्हणून ठरावीक पानावर पेन्सिलीने बारीकशी फुली किंवा आद्याक्षर टाकत. ग्रंथालयाच्या नियमांत हे अर्थातच बसत नाही, पण त्या फुल्यांमुळे अमुक गृहस्थांची निवड आपल्याशी जुळते हे दुसऱ्याला कळायचे. संगणकीकरणानंतर अनेक ठिकाणी तारीखपट्टी गेली. कोणते पुस्तक किती वेळा बाहेर गेले याची संपूर्ण नोंद आता संगणकात असते, मात्र ती वाचकाला कधी दाखवली जात नाही. 'या महिन्यात प्रथमच कोणीतरी नेलेली पुस्तके' किंवा 'एकदाही बाहेर न गेलेली पुस्तके' अशी छोटी यादी दाराशी लावायला काही खर्च येत नाही.

भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे प्रत्येक ग्रंथपालाला पाठ असतात. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, त्याचप्रमाणे प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, असे त्यांत म्हटले आहे. दुसरा भाग साधायचा तर वाचकाला कपाटापर्यंत जाऊ द्यावे लागते. अशा मुक्तद्वार पद्धतीला आपल्याकडे नेहमी दोन हरकती येतात, पुस्तके चोरीला जातात आणि जागची हलतात. दोन्ही खऱ्या आहेत. पण चार पुस्तके हरवतील या भीतीने हजारो पुस्तके कुलपात ठेवणे हा हिशेब मला तरी पटलेला नाही. जागेचीच अडचण असेल, आणि मुंबईत ती असणारच, तर निदान एक कपाट उघडे असावे आणि त्यातली पुस्तके दर पंधरवड्याला बदलावीत.

वाचनाची साखळी कशी तुटते याचे एक उदाहरण देतो. आमचे एक सभासद परळला वाढले, वडील गिरणीत होते. त्यांनी गिरणगावच्या पार्श्वभूमीवरची एक कादंबरी नेली, ती त्यांना इतकी भावली की परत करताना 'याच्या पुढचं काय आहे?' असे त्यांनी विचारले. 'पुढचं' म्हणजे त्यांना जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपाचा इतिहास हवा होता, कामगार पुढाऱ्यांची चरित्रे हवी होती, चाळीतल्या भजनी मंडळांवर आणि शाहिरांवर कोणी लिहिले असेल तर ते हवे होते, आणि गिरण्यांच्या जमिनींचे पुढे काय झाले तेही. यांतले जवळजवळ सगळे आमच्याकडे होते. परंतु कादंबरी एका दालनात, इतिहास दुसऱ्या, चरित्र जिन्याखाली आणि शाहिरीवरचे पुस्तक 'संकीर्ण'मध्ये. ग्रंथपालबाईंनी चिकाटीने ती पुस्तके शोधून काढली म्हणून त्या गृहस्थांचे पुढचे कित्येक महिने भरले. प्रत्येक वाचकाच्या वाट्याला अशा बाई येत नाहीत. म्हणून कथा, इतिहास, चरित्र, कविता हे भेद तात्पुरते बाजूला ठेवून 'मुंबई', 'समुद्र', 'न्यायालय', 'शेती', 'स्वयंपाक' अशा विषयांखाली सर्व प्रकारची पुस्तके शेजारी-शेजारी मांडण्याचा प्रयोग ग्रंथालयांनी करून पाहावा. ललित वाचणारा वैचारिककडे आणि वैचारिक वाचणारा ललितकडे वळण्याची शक्यता अशाच फळीपाशी सर्वाधिक असते. भिलार हे पुस्तकांचे गाव ४ मे २०१७ रोजी सुरू झाले, तेव्हा वेगवेगळ्या घरांना वेगवेगळे साहित्यप्रकार वाटून देण्यात आले. घराच्या दारावरच कळते की आत काय आहे. मुंबईतल्या ग्रंथालयांना घरे नकोत, फळ्यांवर पाट्या लावल्या तरी पुष्कळ होईल.

या निमित्ताने आणखी एक गोष्ट बोलून दाखवतो, ती थोडी कडू आहे. साहित्यप्रकारांबाबत आपल्या मनात उतरंड आहे. रहस्यकथा वाचणारा सभासद आजही खिडकीपाशी थोडा संकोचून मागणी करतो. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांवर मराठी वाचकांच्या पिढ्या वाचायला शिकल्या, तरी ग्रंथखरेदीच्या बैठकीत या प्रकाराला कोणी वाली नसतो. विज्ञानकथेची गतही फारशी निराळी नाही. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला जयंत नारळीकर यांनी आपली कथा टोपणनावाने पाठवली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. परीक्षकांसमोर नावाचे वजन नव्हते, समोरची कथा तेवढी होती. आमच्या खिडकीवर नेमके याच्या उलट चालते, ओळखीचे नाव असल्याखेरीज पुस्तक हलत नाही.

माहितीपर पुस्तकांच्या बाबतीत वाचकाला स्वतःलाही पुष्कळ करता येते. पुस्तकाच्या शेवटी दिलेली संदर्भसूची ही पुढच्या वाचनाची तयार यादी असते. अनेक मराठी प्रकाशक ती आणि विषयसूची पाने वाचवण्यासाठी गाळतात, हे मात्र अक्षम्य आहे. मराठी विश्वकोशातील पुष्कळशा नोंदींच्या शेवटी संदर्भग्रंथ दिलेले असतात आणि हे सर्व महाजालावर विनामूल्य उपलब्ध आहे. प्रभादेवीच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक दुर्मीळ प्रकाशनेही तशीच उतरवून घेता येतात. अनुवादांपुरते बोलायचे तर अनुवादकाचे नाव लक्षात ठेवावे. एका अनुवादकाची निवड आपल्याला मानवली की त्याने मराठीत आणलेली इतर पुस्तके सहसा निराश करत नाहीत. नॅशनल बुक ट्रस्टची 'आदान-प्रदान' मालिका आणि साहित्य अकादमीचे अनुवाद यांमुळे कन्नड, बंगाली, मल्याळम कथासाहित्य अल्प किमतीत मराठीत आले आहे. अकादमीचे कार्यालय दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या नावाच्या रस्त्यावरच आहे, पण तेथून पुस्तके विकत घेता येतात हे आमच्या कितीतरी सभासदांना ठाऊक नव्हते.

पुस्तकांच्या दुकानांविषयी थोडक्यात. दादरच्या जुन्या दुकानांत आणि फाउंटन, माटुंगा येथील पदपथांवर पुस्तके हाताळून पाहण्याचे सुख अजून आहे, आणि तेथील विक्रेते पुष्कळदा समीक्षकांपेक्षा अचूक सल्ला देतात. महाजालावरची दुकाने जे खपते तेच पुन्हा पुढे करतात, त्यामुळे ती वर सांगितलेल्या दहा-पंधरा पुस्तकांच्या दुखण्यावरचा इलाज होऊ शकत नाहीत.

सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात पेट्यांमधून गावोगावी पुस्तके फिरवण्याची पद्धत होती, आणि नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमातही पुस्तकांच्या पेट्या वाचकगटांमध्ये फिरतात. मुंबईतील उपनगरी ग्रंथालयांनी आपसांत असे करायला काय हरकत आहे? मुलुंडच्या ग्रंथालयातील प्रवासवर्णनांची एक पेटी तीन महिने गोरेगावला जाईल, तिथली विज्ञानाची पेटी मुलुंडला येईल. खरेदीच्या निधीला धक्का न लावता दोन्हीकडच्या वाचकांना नवी पुस्तके दिसतील. मार्चअखेरीस अनुदान संपवण्यासाठी जास्तीत जास्त सवलत देणाऱ्याकडून घाईने गठ्ठे उचलण्याची काही ठिकाणची रीत यामुळे थोडी कमी झाली, तरी बरेच साधेल. सभासदांची मागणी नोंदवण्यासाठी वही प्रत्येक ग्रंथालयात असते. ती खरेदी समितीच्या बैठकीत टेबलावर उघडी ठेवावी, इतकीच अपेक्षा आहे.

शेवटी आपल्या वृत्तपत्राकडे एक मागणे. रविवारच्या पुरवणीत सविस्तर परीक्षणे येतात ती बहुधा आधीच गाजलेल्या किंवा मोठ्या प्रकाशनसंस्थांच्या पुस्तकांची असतात. उरलेली पुस्तके 'साभार पोच' या सदरात नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठे आणि किंमत एवढ्यावर आटोपतात. याच सदरात प्रत्येक पुस्तकापुढे त्याचा प्रकार आणि आत काय आहे ते सांगणारी एक साधी ओळ द्यावी, आणि आठवड्याला एखाद्या अपरिचित लेखकाच्या पुस्तकातील परिच्छेद प्रकाशकाच्या परवानगीने छापावा. ते कात्रण आम्ही ग्रंथालयाच्या फलकावर लावू आणि त्या शेजारी पुस्तकाची प्रतही ठेवू.

आपला विश्वासू,
एक वाचक, मुंबई