कॅम्परचा भाव ठरवताना

उदगीर,
दि. १४ डिसेंबर २०२५

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

माल वाहायच्या आपल्या बोलेरो कॅम्परच्या विक्रीची तू तयार केलेली जाहिरात मिळाली आणि ती मी तुझ्या आईलाही वाचून दाखवली. मजकूर नेटका आहे; पण सव्वासहा लाखांचा आकडा ऐकून आम्ही दोघेही दचकलो. पुण्यातल्या जाहिरातींत लोक एवढेच मागतात, असे तू लिहिलेस. ताई, जाहिरातीत दिसतो तो अजून न विकल्या गेलेल्या गाडीचा भाव असतो. जिचा सौदा झाला ती जाहिरातीतून निघून जाते आणि तिचा खरा आकडा घेणाऱ्या-देणाऱ्याशिवाय कोणाला कळत नाही. म्हणून गेला पंधरवडा मी मोंढ्यातल्या आडत्यांकडे, दोन गॅरेजांत आणि अहमदपूरच्या पाहुण्यांकडे एकच गोष्ट विचारत फिरलो, की प्रत्यक्ष हातात पैसे किती पडले. अहमदपूरला २०१८ चीच, एक लाख पाच हजार किलोमीटर चाललेली कॅम्पर पाच लाख दहा हजारांना गेली. तीच मी आपल्या गाडीसाठी माप म्हणून धरली आहे.

आता आपली गाडी तिच्या शेजारी उभी करून पाहू. आपली एक लाख अडतीस हजार किलोमीटर चालली आहे; त्याचे पंधरा हजार वजा. मागचे दोन टायर उतरले आहेत, घेणाऱ्याला ते पहिल्याच महिन्यात बदलावे लागतील, तेरा हजार. क्लच प्लेट चढाला घसरते, हे तुला ठाऊक नसेल, पण मला रोज जाणवते. मेस्त्रीने अकरा हजार सांगितले. हौद्याचा पत्रा खताच्या गोण्यांनी खाल्ला आहे, कारण युरिया ओलसर झाला की लोखंडाला सोडत नाही. वेल्डिंग आणि रंगाचे सहा हजार. एवढे वजा जाता चार लाख पासष्ट हजार उरतात. लोखंडी कमानी आणि ताडपत्रीला मी अडतीस हजार घातले होते, ते सगळे किमतीत धरावे असे तुझे म्हणणे आहे. मात्र कडबा किंवा वैरण भरणारा माणूस त्या कमानी पहिल्याच दिवशी उतरवून ठेवील. त्यांचे आठ हजार धर, त्याहून जास्त नको. हिशेब चार लाख त्र्याहत्तर हजारांवर येतो. जाहिरातीत चार लाख नव्वद लिही. मधले सतरा हजार बोलाचालीला राहू देत, कारण आपल्याकडे एक रुपयाही न सोडणाऱ्याशी सौदा करायला कोणाला आवडत नाही. चार लाख साठच्या खाली मात्र मी उतरणार नाही. हा आकडा आपल्या दोघांतच राहू दे.

सव्वासहा न मागण्याचे आणखी एक कारण आहे. माल वाहणाऱ्या गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबरपासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. करापूर्वी साडेसात लाखांची असलेली गाडी आधी नऊ लाख साठ हजारांना पडे, ती आता आठ लाख पंच्याऐंशी हजारांना पडते. नवीच पंचाहत्तर हजारांनी उतरली असताना जुनीने ताठ मानेने जुनाच भाव सांगितला, तर गिऱ्हाईक सरळ शोरूममध्ये जाईल. त्यातून जानेवारी उजाडला की गाडी लोकांच्या तोंडी एका वर्षाने म्हातारी होते. शिवाय पुढच्या ऑक्टोबरमध्ये तिला आठ वर्षे पूर्ण होतील आणि त्यानंतर फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा आरटीओचा दाखला, दोन वर्षांऐवजी दर वर्षी घ्यावा लागेल. ज्याला धंद्यासाठी गाडी हवी आहे, तो हे सगळे मोजूनच येतो.

यंदा आणखी एक शंका प्रत्येकजण काढील. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत मराठवाड्यात कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या, तेव्हा आपलीही राहिली होती का, हे विचारले जाणारच. आपली उंचावरच्या गोठ्यात होती. तरीही नुसत्या शब्दावर भागणार नाही. पायाखालची मॅट उचलून, सीटचा पट्टा पूर्ण ओढून आणि वायरिंगचे जोड उघडे करून फोटो काढ. गाळ बसला असेल तर तो तिथेच सापडतो.

तुझे आजोबा हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैल विकायचे, तेव्हा उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरे आणि शेजारी उभ्या असलेल्यालाही तो कळत नसे. तरी बैल मारका असेल तर ते आधीच सांगून टाकत, कारण पुढच्या बाजारात तोच माणूस पुन्हा भेटणार असे. क्लचचे म्हणूनच जाहिरातीतच लिही. ते लपवून चार लाख नव्वद मागितले, तर मेस्त्री घेऊन आलेला माणूस तेच बोट ठेवून वीस हजार पाडील, आणि मग आपल्याला गप्प बसावे लागेल.

माझी फजिती तुला कधी सांगितली नाही. आपल्या जुन्या जीपला पहिल्याच आठवड्यात एक जण एक लाख पासष्ट हजार द्यायला तयार होता. मी दोन लाख दहा हजारांवर अडून बसलो. चार महिने ती कडुनिंबाखाली उभी राहिली, बॅटरी उतरली, टायरला भेगा पडल्या, उंदरांनी वायरी कुरतडल्या. येणारा प्रत्येक माणूस आधी विचारी, "अजून कशी विकली नाही?" शेवटी एक लाख अडतीसला दिली. तुझी आई अजूनही तो आकडा विसरलेली नाही.

कागदांचे थोडक्यात सांगतो. बँकेचे कर्ज फिटले असले तरी आरसी बुकावरचा बोजा अजून उतरलेला नाही, म्हणून फॉर्म ३५, म्हणजे बोजा उतरवायचा अर्ज, घेऊन मी या आठवड्यात लातूरला जातो. बोजा असलेल्या गाडीला पूर्ण भाव कोणी देत नाही. एचएसआरपी, म्हणजे सुरक्षा खुणा असलेली नंबरपाटी, बसवली आहे. विम्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, माझ्या नावावर राहतो, गाडीबरोबर जात नाही, तेव्हा तो किमतीत मोजू नकोस. "पैसे रोख घ्या, नावावर नंतर करून घेऊ," असे म्हणणाऱ्याने पाच लाख देऊ केले तरी मला तो सौदा नको आहे. आरसीवर ज्याचे नाव आहे त्याच्याकडेच अपघाताची भरपाई मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्यावरच किल्ली हातात देईन.

जाहिरातीत फोन माझाच दे. आईने तुझ्यासाठी तुरीच्या शेंगा ठेवल्या आहेत. फोटो काढायला रविवारी आलीस तर घेऊन जा.

तुझे,
अप्पा