पंख्यावरचं झिंक काढून देणाऱ्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर उधाणाच्या भरतीला आमची शिडाची बोट करंजाच्या किनाऱ्यावर टेकवली होती. ओहोटीला बोटीचा पंखा (प्रोपेलर) उघडा पडला. टोकावरचं झिंक, म्हणजे पंख्याऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा, निम्म्याहून अधिक झिजलेलं, म्हणजे बदलायलाच हवं. पण ते धरून ठेवणाऱ्या स्टीलच्या बोल्टची खाच गुळगुळीत झाली होती, ॲलन की नुसती गरगरत होती. आधी आलेला कारागीर घण मागत होता. तेवढ्यात तुम्ही आलात, हे आमचं नशीब.

घण तुम्ही बाजूला ठेवायला लावलात, कारण मार शाफ्टमधून थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगला बसतो. ब्लोलॅम्पही नको म्हणालात, रबरी बुश जळेल. झिंक टाकूनच द्यायचं आहे, तर तेच कापू, हा तुमचा हिशेब. मग त्यावरचा पांढरा थर खरवडलात, तेल सोडलंत, आणि करवतीने उभी चीर पाडत गेलात. खालच्या नटाला पातं लागू नये म्हणून शेवटी इतके हळू, की मला श्वास सोडवेना. चिरेत छिन्नी घालून पिळलीत, झिंकची दोन शकलं झाली. उघड्या पडलेल्या बोल्टला ग्रिप प्लायर लावून पुढे-मागे, पुढे-मागे करत तो अख्खा बाहेर काढलात. आटे शाबूत!

तांब्याचे पत्रे मारलेली जहाजं वाचवायला इंग्रज शास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने १८२४ साली हीच युक्ती सुचवली होती, हे मी वाचलं होतं. पण झिंक आधी खाल्लं जातं म्हणून पंखा टिकतो, हे खरं समजलं ते तुम्ही पंख्याचं पातं खरवडून धातू गुलाबी पडलाय का (म्हणजे त्यातलं जस्त निघून गेलंय का) ते दाखवलंत तेव्हा. नवं झिंक बसवण्याआधी बैठक चकचकीत घासलीत, आणि रंगाचा ब्रश घेऊन आलेल्या पोराला अडवलंत: रंग लागला की झिंक कामातून गेलं. तोवर पाणी गुडघ्याला आलं होतं.

लगेच तुम्हाला एका मासेमारी बोटीवर जायचं होतं, त्या घाईत नीट बोलणं झालं नाही. काका, मनापासून आभार.

परवा पाणबुड्याने बघितलं. झिंक सगळीकडून सारखं झिजतंय, पंख्यावर एक डागही नाही. पावसाळ्याआधी मांडव्यापर्यंत एक फेरी आमच्यासोबत मारा. दिवस तुम्ही सांगाल तो.